दाराला खांदा लागतो

उजवा पाय जपून. ही पायरी
मधोमध झिजून बशी झालीय,
पाऊस पडून गेला की चिमण्या तिच्यात पाणी पितात.
किल्ली दोनदा फिरवायची, मग दाराला खांदा द्यायचा.
आई म्हणायची, हर्मिना,
देवाचं असलं तरी दार ओकच्या लाकडाचं आहे.

वर बघा. सगळेच बघतात, मान दुखेपर्यंत.
खांबांतून फुटलेल्या त्या दगडी फासळ्या
जिथं एकमेकींना भेटतात, तिथं एक चेहरा कोरलाय.
कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही.
लहानपणी मी ठरवून टाकलं होतं:
हा गवंड्यांचा मुकादम, मजुरी बुडालेला.
अजून खाली बघतोय,
कोण देतंय का ते.

भिंतींवर चित्रं होती. मग पंथ बदलला
आणि आम्हीच त्यांच्यावर चुना फासला.
आता उत्तरेकडचे पोपडे पडतात,
चुन्याखालून एक गुडघा दिसतो, एका घोड्याचा डोळा.
दरवर्षी थोडा जास्त उघडतो.
त्या बाजूला मी केरसुणी हलक्या हातानं फिरवते.

हे गालिचे? तुर्कीच.
ज्यांच्या भीतीनं बाहेर तिहेरी तट बांधला
त्यांच्याकडूनच विकत घेतले,
आणि नवस फेडल्यासारखे कठड्यावर टांगले.
यात विणलेली ती नमाजाची कमान बघा,
आणि समोर आमच्या खिडकीची, टोकदार.
साडेतीनशे वर्षं दोघी समोरासमोर आहेत,
भांडल्याचं ऐकलं नाही.
कसर मात्र लागते.
त्या लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या माझ्या.

मधले बाक बायकांचे. त्यांना पाठ नाही.
पाठीवरच्या रेशमी फिती चुरगळू नयेत म्हणून, असं सांगायचे.
सव्वीस वर्षं मी ताठ बसले.
पुरुषांना कडेला टेकायला फळ्या, फळ्यांवर रंगीत फुलं,
तरी घोरायचे तेच.
पोरं वर, गॅलरीत. तिथं माझ्या भावानं, मिशनं,
प्रवचन चालू असताना चाकूनं एक जहाज कोरलं.
समुद्र बघितला नव्हता त्यानं.
आता न्युरेम्बर्गला असतो. गुडघे बदललेत.
दर नाताळला फोनवर विचारतो, जहाज आहे ना?

आणि हा काळा फळा.
तीन आकडे, तीन स्तोत्रं, शेवटच्या रविवारची.
त्या उन्हाळ्यात गाव गेलं,
ट्रंका, गाद्या, शिलाई मशिनं,
एकानं तर घराच्या दाराची मूठ काढून नेली.
पास्टर घाईत होते, आकडे उतरवायचे राहिले.
मी धूळ पुसते. आकड्यांना हात लावत नाही.

गाव्रिलाच्या नातीनं लावला.
गाव्रिला आमची घंटा ओढतो; तो ऑर्थोडॉक्स,
पण दोर ओढला की खांदा मोकळा होतो म्हणतो.
पोर स्टुलावर चढली
आणि मधल्या सहाचा नऊ करून मोकळी.
मी ओरडले. मोठ्यानं. ती रडलीसुद्धा.

रात्री पुस्तक काढलं, म्हटलं बघू तरी काय निघतं.
कापणीचं स्तोत्र. फेब्रुवारीत!
दुसऱ्या ओळीत आईचा सूर नेहमी पडायचा ते.
सकाळी आले. मधल्या बाकावर बसले,
ताठ, सवयीनं,
आणि म्हटलं, सगळी कडवी.
दुसऱ्या ओळीत माझाही पडला.
छतानं तो एका श्वासानंतर
होता तसाच परत दिला.

नऊ तसाच ठेवलाय.

बारा वाजत आले, गाव्रिला जिना चढतोय.
कान झाकून घ्या हवं तर.
आणि निघताना थांबा जरा,
हे दार आत ढकलायला एक माणूस पुरतं,
बाहेरून ओढायला दोन लागतात.
तुम्ही कडी धरा.